दुसरा नारळ

‘लोक काय म्हणतील याची पर्वा त्यांनी आयुष्यात कधी केली नाही.’ लालबागच्या एका कामगार पुढाऱ्याच्या चरित्राच्या मागच्या कव्हरवर हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेलं आहे. ते माझं आहे. समितीने ज्याला हात लावला नाही असं त्या पुस्तकातलं माझं बहुधा हे एकच वाक्य. बाकीची आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिली, म्हणजे मी लिहिली आणि त्यांनी खोडली.

मी मागणीनुसार चरित्रं लिहिते. गिरगावातले एक वैद्य, दादरच्या एका शाळेचे संस्थापक, आणि एक गवई, ज्यांचं गाणं घरच्यांखेरीज फारसं कोणी ऐकलेलं नव्हतं, अशा बऱ्याच जणांना मी थोर करून दिलेलं आहे. हे काम नैवेद्याच्या स्वयंपाकासारखं असतं. मधेच चाखून बघायचं नाही, मीठ आपलं अंदाजाने घालायचं, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तो कधी तक्रार करत नाही. तक्रारी असतात त्या प्रसाद खाणाऱ्यांच्या.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. गिरगावापासून लालबाग काही फार लांब नाही, पण आमच्या चाळीतले सगळे बँका, शाळा आणि सचिवालय यांतले. संपाबद्दल आमच्यातल्या प्रत्येकाचं ठाम मत होतं आणि संपावर गेलेला एकही माणूस आमच्या ओळखीचा नव्हता. आई रोज सकाळी पेपरची घडी घालताना ‘मिटेल आता’ म्हणायची. तो रीतसर कधी मिटलाच नाही. पेपरात दुसऱ्या बातम्या यायला लागल्या आणि आईने तसं म्हणायचं सोडून दिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी, गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत असताना, मला लालबागहून बोलावणं आलं तेव्हा माझं संपाविषयीचं ज्ञान साधारण एवढंच होतं.

आमचे चरित्रनायक एकाच गिरणीच्या गेट कमिटीचे पुढारी. शहराच्या इतिहासात त्यांचं नाव तळटीपेतही सापडायचं नाही, पण त्या गिरणीच्या आसपासच्या चाळींत त्यांच्या शब्दावर लोक उठत आणि बसत. त्यांना जाऊन खूप वर्षं झाली होती. आता त्यांच्या नावाने चौक होणार होता आणि चौकाबरोबर पुस्तक हवं होतं. स्मारक समितीचे अध्यक्ष तरुणपणी नायकांच्या मागे झेंडा धरून चालत. आता त्यांचा मंडप डेकोरेशनचा मोठा धंदा होता आणि सगळ्या पक्षांचे झेंडे तेच पुरवत.

‘‘मॅडम, माणूस एकदम पोलादी होता,’’ पहिल्याच भेटीत ते म्हणाले. ‘‘बुक पण तसंच पायजे. पोलादी हा शब्द नावातच टाकूया.’’ आम्ही तो टाकला.

कामाची पद्धत अशी होती. रविवारी सकाळी नायकांच्या चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, मी एक प्रकरण मोठ्याने वाचायचं. समितीने बटाटेवडे खात ऐकायचं. मग हरकती, आणि हरकतीवर मतदान. सगळे जुने युनियनवाले, जे काही ठरवायचं ते हात वर करून ठरवायची त्यांना सवय. नायकांचं शिक्षण किती, गावाहून मुंबईला बोटीने आले की एस.टी.ने, तुरुंगात होते तेव्हा दाढी होती की नव्हती, सगळं बहुमताने ठरलं. दाढी एका मताने हरली. जो माणूस दाढी होती म्हणत होता, त्यानेच त्यांची तुरुंगात हजामत केली होती, पण लोकशाहीपुढे त्याचा इलाज चालला नाही.

सगळ्यात आधी गेली ती दशावताराची हकिकत. नायक गावी असताना जत्रेतल्या दशावतारी नाटकात बायकांची कामं करत, आणि म्हणे अशी सुरेख करत की शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्याने आपल्या मुलासाठी चौकशी केली होती. नऊवारी लुगड्यातला त्यांचा फोटोही मला मिळाला होता. समितीने तो हातोहात फिरवून मन लावून बघितला. एक जण म्हणाला, ‘‘दिसतात पण झकास.’’ मग सगळ्यांनी गंभीर होऊन हात वर केले आणि फोटो पाकिटात गेला. पोलादी माणसाला लुगडं चालत नाही, हे मलाही कळायला हवं होतं.

मग इस्पितळाची गोष्ट. नायकांना सुईची भयंकर भीती. परळच्या एका इस्पितळात त्यांना भरती केलं होतं. नर्स इंजेक्शन घेऊन येताना दिसली तसे ते इस्पितळाच्या ढगळ कपड्यांतच जिना उतरून रस्त्यावर आले आणि तरातरा लालबागच्या दिशेने चालायला लागले. वाटेत कोणीतरी ओळखलं. पुढारी आजारपणातून उठून असे अनवाणी निघाले म्हणजे काहीतरी मोठं घडलंय, असं समजून चार जण मागे लागले. चाराचे चाळीस झाले, घोषणा सुरू झाल्या. चाळीपाशी पोचेपर्यंत एवढी गर्दी जमली की नायकांना भाषण करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. भाषण म्हणे फार जोरदार झालं. समितीने यातली सुई तेवढी काढली. पुस्तकात ते ‘रुग्णशय्येवरून उठून मोर्चाचं नेतृत्व करतात’. मोर्चा खरा होता, म्हणून मी फार वाद घातला नाही. गर्दी मागून ढकलते आणि पुढचा माणूस पुढारी दिसतो, ही गोष्ट मला तेव्हा नुसती गमतीची वाटली.

नायकांच्या पत्नी त्याच चाळीत पहिल्या मजल्यावर राहायच्या. सगळी चाळ त्यांना काकी म्हणायची, मीही म्हणायला लागले. नवरा लढे लढवत होता तेव्हा घर चालवलं ते काकींनी, खानावळ चालवून. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार पाळीवरून सुटले की त्यांच्याकडे जेवायला बसत. नवऱ्याविषयी काही सांगायचं झालं की त्या हातातलं काम थांबवत नसत. तांदूळ निवडता निवडता, कोलंबी सोलता सोलता सांगत, आणि माझ्याकडे बघत नसत.

‘‘माका त्या बुकात एकच गोष्ट होयी, बाय,’’ एके दिवशी त्या म्हणाल्या. ‘‘बाकी तुमका काय लिवचा ता लिवा. एक ही घाला.’’

ती गोष्ट अशी. संप लांबत चालला होता. नायकांना कळून चुकलं होतं की आता हे तुटणार. त्यांच्या गिरणीची वरची माणसं त्या वेळी तरी कामगारांना पुन्हा आत घ्यायला तयार होती. आत्ता आत गेलो तर नोकऱ्या वाचतील, पुढचं आत राहून भांडू, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि गेटवर सभा बोलावली. काय बोलणार आहेत हे फक्त काकींना सांगितलं. आधी बाहेर फुटलं असतं तर तोंड उघडायच्या आत फितूर ठरले असते.

नायक देव मानत नव्हते, पण आपली माणसं मानतात हे मानत होते. बातमी कडू होती, म्हणून सभेआधी गेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं त्यांनीच ठरवलं. ‘गाऱ्हाणा झाला काय माणसा जरा मऊ होतत,’ असं ते काकींना म्हणाले होते.

कोकणातल्या माणसाचं कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एक जण नारळ पुढे ठेवून देवाशी मोठ्याने बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. समोरचा काय बोलतोय याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच असं नाही. लहानपणापासून जिभेवर बसलेलं असतं, वाक्य ‘म्हाराजा’वर टेकलं की उत्तर आपोआप निघतं. मात्र एकदा व्हय म्हटलं आणि नारळ फुटला की तो देवाला दिलेला शब्द. तो मोडायची कोणाची छाती होत नाही.

गाऱ्हाणं घालायला चाळीच्या भजनाचे बुवा होते. त्याच गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. आवाज असा की लाऊडस्पीकर लागत नसे. त्यांना नायकांनी नुसतं सांगितलं होतं, महत्त्वाची सभा आहे, नारळ घेऊन ये. बुवांनी आपल्या समजुतीप्रमाणे देवाला जागं केलं.

‘‘बा देवा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘आज ही तुझी लेकरा ह्या गिरणीच्या दारात तुका नारळ ठेवन उभी आसत, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘तेंच्या पोटार जो कोण पाय देता, तेका बरी बुद्धी दी, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

इथे थांबले असते तर सगळं ठीक होतं. पण बुवा रंगात आले होते.

‘‘आणि मागणा पुरा होयसर आमच्यातलो जो कोण ही गिरणीची पायरी चढात, तेच्या घरात दिवो लागूचो नाय, असा कर रे म्हाराजा...’’

सगळं गेट एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं आणि बुवांनी नारळ त्याच पायरीवर फोडला.

नायक पुढे झाले. थोडा वेळ गर्दीकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘लढा चालू राहील.’’ हे वाक्य आता चौकातल्या संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे.

काकींना ही गोष्ट पुस्तकात का हवी होती, तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या समोरच्या खोलीत एक बाई राहायच्या. काकी त्यांना ‘समोरची’ म्हणत. पूर्वी खानावळ दोघींची मिळून होती. काकींनी आमटी आणि मासे करायचे, समोरचीने भाकऱ्या थापायच्या. समोरचीचा नवरा त्या दिवशी गेटवरच्या गर्दीत होता. पुढे एकेक जण मान खाली घालून कामावर जायला लागला तेव्हा तोही निघायचा, गेटपर्यंत जायचा आणि पायरीपासून परत फिरायचा. बायको भांडायची, पोरं रडायची, पण त्याचा पाय वर पडत नसे. व्हय म्हणून बसला होता. जे लोक चढले ते ‘मी नुसते ओठ हलवले होते’ असं म्हणून चढले. हा खरंच म्हणाला होता. होता होता जागा भरल्या. त्याने भाजी विकली, हमाली केली, आणि काही वर्षांत अंथरूण धरून गेला.

त्याचं दिवसकार्य झालं त्या दिवशी समोरची काकींच्या दारात आली आणि एकच वाक्य बोलली. ‘‘तुझ्या घोवाच्या हट्टान माझ्या घोवाक खाल्ल्यान.’’ त्यानंतर ती काकींशी बोलली नाही. दोन दारांमध्ये चार पावलांची गॅलरी. काकी दर गणपतीत मोदकांचं ताट पाठवत आणि ते जसंच्या तसं परत येई.

‘‘तो हट्टी नाय होतो,’’ काकी कोलंबीचा काळा धागा ओढून काढत म्हणाल्या. ‘‘परत जावया म्हणाकच थय गेलो होतो. ता तिका कळाक होया. माझ्या तोंडाचा तिका खरा वाटाचा नाय. पण ती वाचता. पेपर वाचता, चण्याच्या पुडीचो कागदसुद्धा उलगडून वाचता. छापलेला असला तर मानतली.’’

मी एवढी चरित्रं लिहिली, पण चरित्राचा कोणाला खरोखर काही उपयोग असू शकतो असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मला आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली.

खातरजमा करायला बुवांना गाठायचं होतं. त्यासाठी लांब जावं लागलं नाही. गिरणी पाडून तिथे जो टॉवर झाला त्याच्या फाटकावर ते वॉचमन होते. वय झालेलं, निळा गणवेश खांद्यावर सैल. ती पायरी पाडकामात गेली होती, त्यामुळे शब्द पाळायला आता कोणालाच अडचण नव्हती. बुवांना सगळं गाऱ्हाणं तोंडपाठ होतं. उभ्या उभ्या म्हणून दाखवलं, आत गाडी नेणारा एक ड्रायव्हर चमकून बघायला लागला. मग मी त्यांना विचारलं, त्या दिवशी नायक काय बोलायला आले होते, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

‘‘काय बोलूचो? लढा चालू ठेवचो म्हणान इलो होतो.’’

मी सांगितलं. तेवढ्यात कोणाची तरी गाडी हॉर्न वाजवायला लागली, ते फाटक उघडायला गेले, सलाम करून परत आले आणि स्टुलावर बसले.

‘‘ह्या तेना माका कधी सांगूक नाय,’’ ते म्हणाले. ‘‘मरासर रोज माझ्यावांगडा चाय पिय होतो. एक दिस सांगूक नाय.’’

ते प्रकरण मी जीव ओतून लिहिलं. रविवारी वाचलं तेव्हा खोलीत कोणी वड्याला हात लावला नाही. वाचून संपल्यावर एका सभासदांनी हरकत घेतली की नायक वैज्ञानिक दृष्टीचे होते, त्यांच्या सभेत नारळ दाखवणं बरं दिसत नाही. दुसरे म्हणाले की नारळाचं एक वेळ चालेल, पण तडजोड? नावात पोलादी आहे. मी विचारलं, तुमच्यापैकी त्या सभेला कोण कोण होतं? सगळेच होते. गाऱ्हाणं झालं होतं का? झालं होतं. व्हय म्हाराजा कोण कोण म्हणालं होतं?

‘‘ते सगळेच म्हणतात, मॅडम,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘त्याचा काय हिशोब ठेवायचा?’’

मतदान झालं. सगळे हात वर गेले. दाढी होती म्हणणाऱ्या गृहस्थांनी खाली बघत वर केला, पण केला. प्रकरणाच्या जागी एक वाक्य आलं: ‘अफाट जनसमुदायाच्या उत्स्फूर्त प्रतिसादात त्यांनी लढ्याचा निर्धार जाहीर केला.’ उत्स्फूर्त हा शब्द वाचून मला इतका संताप आला की मी कागद तिथेच टाकून जिना चढून काकींकडे गेले.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘गाळल्यानी?’’ एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा अध्यक्षांना चार शिव्या तरी देतील. त्या पातेल्यावरचं झाकण काढून आमटी ढवळत राहिल्या. थोड्या वेळाने विचारलं, ‘‘कार्यक्रमाक गाऱ्हाणा कोण घालतलो?’’

गाऱ्हाणं होतंच. ज्या समितीला पुस्तकात नारळ नको होता तिला कार्यक्रमात मात्र हवा होता. ‘‘आजकाल लोकांना जुनं आवडतं, मॅडम,’’ अध्यक्षांनी मला समजावलं होतं. ‘‘हेरिटेज.’’ त्यासाठी बुवांनाच धोतर, काळा कोट आणि फेटा देऊन स्टेजवर आणायचं ठरलं होतं. मी हे सांगितल्यावर काकींनी मान हलवली आणि आमटीत कोकमं टाकली.

चौकाच्या उद्घाटनाला अध्यक्षांचा स्वतःचाच मंडप होता, त्यामुळे कशाला कमी नव्हती. आमदार आले, आसपासच्या चाळी रिकाम्या होऊन लोक आले, टॉवरमधलंही एक कुटुंब कुतूहलाने आलं. काकी स्टेजवर मधोमध खुर्चीत, मी टोकाला. दुसऱ्या रांगेत कडेला मला समोरची दिसली, चष्मा लावून, निमंत्रणपत्रिका उलटसुलट करून वाचत. बुवा पुढे आले. केळीच्या पानावर नारळ ठेवला. त्यांचा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, म्हणून माईक दिला होता.

‘‘बा देवा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सगळा मंडप म्हणाला. मीसुद्धा म्हणाले.

‘‘आज ह्या चौकाक तुझ्या लेकराचा नाव दिला, ता मानून घे, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘आमदारसायब इले, तेंका बरा यश दी, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’ आमदार हात जोडून हसले.

‘‘आणि त्या दिसा गिरणीच्या दारार तुझा ह्या लेकरू माणसांका परत कामार धाडूक म्हणान इला होता, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

मी चरकून अध्यक्षांकडे बघितलं. ते डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणत होते.

‘‘तेच्या तोंडातली गोष्ट तोंडात रवली, कित्याक, तर नारळ आधी फुटलो, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘ता गाऱ्हाणा घालणारो मी, म्हाराजा. काय दोष आसात तो माझ्या पदरात घाल, तेच्या घरार ठेव नको, रे म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सगळे म्हणाले. समितीने एकमताने गाळलेलं प्रकरण समितीने एकमताने मंजूर केलं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि मग एकामागून एक वक्ते उठून नायक कसे कधी मागे हटले नाहीत ते सांगायला लागले. काय झालं हे कोणाच्या कानात शिरलं होतं असं दिसलं नाही. बुवा मागे जाऊन बसले आणि फेटा काढून त्यांनी तोंड पुसलं. मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याविषयी अतोनात माया वाटली. काकी समोर बघत होत्या, दुसऱ्या रांगेच्या कडेला. समोरचीचे हात मांडीवर होते. ती व्हय म्हाराजा म्हणाली नव्हती. ऐकत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी काकींना वर घेऊन गेले. त्यांना मिळालेली शाल, नारळ आणि पुस्तकाची प्रत माझ्या हातात होती. ते सगळं मी खाटेवर ठेवलं. काकी टेकतात तोच दारात समोरची येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेरच. मला वाटलं, झालं, काकींचं काम झालं. आता ही आत येईल, दोघी गळ्यात पडतील आणि मी हळूच निघून जाईन. चरित्रं लिहून लिहून माझी समजूतच अशी झालेली आहे.

‘‘म्हणजे तेका सगळा कळला होता,’’ समोरची म्हणाली. तिचा आवाज अजिबात मऊ नव्हता. ‘‘इतकी वर्सा मी म्हणतंय, तो हट्टी. हट्टी असतो तर बरा होता. तेका कळला, आणि तो गप रवलो.’’

काकी खाटेवरच्या शालीची घडी घालायला लागल्या.

‘‘माझो घोव त्या पायरेवरसून परत येय होतो, ता तो हय गॅलरीत उभो रवान बघी. गाऱ्हाणा काय उलटूक येत नाय? दुसरो नारळ ठेवन देवाची माफी मागूची, म्हणाचा, चुकला, सोडव. सगळी सुटली असती. एक दुसरो नारळ फोडूक तेका काय झाला होता?’’

बुवांच्या गाऱ्हाण्यात हे नव्हतं. माझ्या गाळलेल्या प्रकरणातही नव्हतं. दुसरा नारळ फोडून पहिला शब्द सोडवून घेता येतो, हे मला गिरगावात कोणी सांगितलं नव्हतं आणि लालबागेत काकींनी सांगितलं नव्हतं. मी काकींकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की सगळ्यांनी मिळून जे गाळलं त्याच्याही आधी एक गोष्ट काकींनी गाळली होती.

‘‘ह्याच मी तेका इचारलंय,’’ काकी म्हणाल्या. ‘‘सभेसून इलो तसो. तू उभी आसस तेच दारात. म्हटलंय, उद्या दुसरो नारळ ठेवया, मी आणतंय.’’

‘‘मगे?’’

‘‘नको म्हणालो.’’

‘‘कित्याक?’’

काकींनी पदराने कपाळ पुसलं. ‘‘म्हणालो, लोक काय म्हणतले.’’

खाली अध्यक्षांची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती, त्यांचा आवाज येत होता. मग समोरची उंबरा ओलांडून आत आली आणि खाटेच्या कडेला, काकींपासून हातभर अंतर ठेवून बसली. तिच्या बाजूला पुस्तक पालथं पडलं होतं. छापलेलं काही दिसलं की न वाचता सोडायची तिला सवय नव्हती. तिने चष्मा नाकावर सारखा केला, पुस्तक उचललं आणि मागच्या कव्हरवरचं वाक्य बोट फिरवत मोठ्याने वाचलं. लोक काय म्हणतील याची पर्वा त्यांनी आयुष्यात कधी केली नाही.

आधी काकी हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मग समोरचीलाही हसू आवरेना, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि वाक्याच्या खाली नाव आहे का ते शोधलं.

‘‘ह्या कोणी लिवल्यान?’’ तिने विचारलं.

काकींनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.